हुशारीची अट नको



नाशिकच्या या व्याख्यानमालेत ज्यांच्या स्मृतीसाठी आपण आज जमलो आहोत ते शिक्षक होते. म्हणून मी वर्गातल्याच एका मुलाबद्दल बोलणार आहे. हे मूल तुमच्या ओळखीचं आहे. बाई फळ्यावर गणित घालतात तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत असतं, नाहीतर शेजाऱ्याच्या कंपासपेटीत त्याचा हात असतो. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते उत्तर ओरडून सांगतं आणि पुष्कळदा ते बरोबर असतं, पण वहीत तेच गणित दुसऱ्या पायरीवर सोडून दिलेलं असतं. डबा, स्वेटर, पाण्याची बाटली यांतलं काहीतरी दर आठवड्याला हरवतं. घरात त्याला धांदरट म्हणतात, शाळेत व्रात्य म्हणतात आणि आजी म्हणते की याच्या पायाला भिंगरी लागली आहे.

मी बालमानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. अशा मुलाचे आईवडील समोर बसले की पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: ‘डोकं आहे हो त्याला, पण बसतच नाही. बसला तर कुणाला ऐकणार नाही.’ या बोलण्यात तक्रार असते तेवढीच आशा असते. अलीकडे त्याला एक जोड मिळाली आहे. मोबाइलवर कुणीतरी सांगितलेलं असतं की एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) हा आजार नसून देणगी आहे, आइन्स्टाइनला तो होता, एडिसनला होता, लिओनार्दोला होता. मग आई हळूच विचारते, ‘अशी मुलं जास्त हुशार असतात ना? कलाकार होतात ना?’

या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की समोरचा चेहरा लगेच उजळतो. तरी मी ‘हो’ म्हणत नाही. ते उत्तर खरं नाही, आणि खोट्या उत्तराचा भुर्दंड पुढे त्या मुलालाच भरावा लागतो. आज मला एवढंच सविस्तर सांगायचं आहे.

आधी नावापुरतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये तीन व्याख्यानं दिली. स्वतःला आवर घालू न शकणाऱ्या काही मुलांचं वर्णन त्याने त्यांत केलं. बुद्धी शाबूत असूनही ही मुलं अशी वागतात, हे त्याने तेव्हाच नोंदवलं होतं. एडीएचडी हे नाव १९८७ मध्ये पक्कं झालं. आजच्या निकषांप्रमाणे लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकावी लागतात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांच्यामुळे मुलाचं रोजचं जगणं अडत असावं लागतं. ही शेवटची अट लोक विसरतात. चंचल मूल म्हणजे एडीएचडी असलेलं मूल नव्हे. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर मुलांमधलं प्रमाण साधारण पाच टक्के निघतं. साठ पटाच्या वर्गात अशी तीन मुलं झाली.

आता हुशारी. आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली बुद्धीची पहिली उपयोगी चाचणी बनवली, ती शाळेत मागे पडणाऱ्या आणि वेगळ्या शिकवणीची गरज असलेल्या मुलांना शोधण्यासाठी. हुशार मुलांची यादी लावणं हा तिचा हेतू नव्हता. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड भागात ती चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी तयार केली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० मध्ये निघालं. बिने-कामत चाचणी महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत आजही वापरली जाते. सीमाभागातल्या एका शिक्षणतज्ज्ञाचं हे काम किती मोठं होतं, याची आपण कधी पुरेशी दखल घेतली नाही.

पण अशा चाचण्यांतून शेवटी एक आकडा येतो आणि पालक त्या आकड्याला चिकटतात. एडीएचडी असलेल्या मुलांच्या गटाची सरासरी इतर मुलांपेक्षा काही गुणांनी कमी येते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. याचं एक मोठं कारण चाचण्यांतच आहे. अनेक चाचण्यांच्या काही भागांत ऐकलेली माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करावं लागतं, काही भागांत ठरलेल्या वेळात भराभर खुणा कराव्या लागतात, आणि याच दोन गोष्टी या मुलांना जड जातात. एखादं मूल शब्दांचे अर्थ, तर्क, आकृत्यांतले संबंध यांत वर्गाच्या पुष्कळ पुढे असतं आणि उलटे आकडे म्हणताना अडखळतं. दोन्हींची बेरीज-सरासरी करून आपण सांगतो, ‘बुद्धी मध्यम’. त्या मुलाची खरी गोष्ट सरासरीत हरवते.

ही मुलं सगळ्या पायऱ्यांवर सापडतात: अतिशय बुद्धिमान, मधली, आणि शिकायला कष्ट पडणारीही. एडीएचडीवरून बुद्धी कळत नाही आणि बुद्धीवरून एडीएचडी कळत नाही. उलट तल्लख मुलाच्या बाबतीत निदान लांबतं. चौथीपर्यंत ते नुसतं ऐकून पहिल्या पाचांत येतं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेपर्यंतही निभावतं. मग आठवी-नववीत विषय वाढतात, उत्तरं लांबतात, गृहपाठ आदल्या रात्री होत नाही, आणि गुण घसरायला लागले की सगळे म्हणतात, याला मस्ती आली, मोबाइल नडला. मुलींचं तर याहून वाईट. त्या उड्या मारत नाहीत, गप्प बसून हरवलेल्या असतात, आणि गप्प मुलीबद्दल शाळेतून चिठ्ठी येत नाही. इंजिनीअरिंगच्या वसतिगृहात एकटी पडल्यावर, सगळे पेपर तुंबल्यावर, पहिल्यांदा माझ्यासारखीच्या दारात आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. सगळं बालपण त्यांनी स्वतःला आळशी समजण्यात घालवलेलं असतं. मला या कामात सर्वांत जास्त दुःख त्याचं होतं.

अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या मेंदूचे फोटो वर्षानुवर्षं घेतले. मेंदूचं बाह्यावरण सर्वाधिक जाड होण्याचा टप्पा इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास येत होता, तो या मुलांमध्ये साडेदहाच्या आसपास आला. वाढीचा क्रम तोच होता, उशीर मात्र जवळपास तीन वर्षांचा. तिसरीतल्या अशा मुलाकडून आपण तिसरीची शिस्त मागतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं. याची दुसरी बाजूही सांगते. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की, जिथे शाळाप्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे तिथे वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना एडीएचडीचं निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त मिळतं. म्हणजे नुसतं वय लहान असलं तरी ते आजार समजलं जातं. घाईने शिक्का मारणाऱ्यांनी आणि घाईने नाकारणाऱ्यांनी, दोघांनीही हा आकडा जवळ ठेवावा.

सर्जनशीलतेचा प्रश्न मात्र खरोखर गुंतागुंतीचा आहे आणि त्यात थोडा वेळ घालवणं मला आवश्यक वाटतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिल्फर्ड यांनी १९५० मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना जाहीरपणे सांगितलं की तुम्ही सर्जनशीलतेकडे फार दुर्लक्ष केलं आहे. त्यांनी विचाराच्या दोन चाली वेगळ्या केल्या. एका चालीत मन एका प्रश्नातून अनेक दिशांना फुटतं: विटेचे किती उपयोग सुचतात ते सांगा. दुसऱ्या चालीत विखुरलेल्या धाग्यांतून एकच बरोबर उत्तर गाठायचं असतं. हॉली व्हाइट आणि प्रीती शाह या संशोधिकांनी २००६ मध्ये एडीएचडी असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर दोन्ही प्रकार वापरून पाहिले. पहिल्यात हे विद्यार्थी सरस ठरले, दुसऱ्यात मागे पडले. व्हाइट यांनी पुढे आणखी एक सुंदर प्रयोग केला: दुसऱ्या ग्रहावर उगवणाऱ्या फळाचं चित्र काढा. आपल्यापैकी बहुतेक जण पृथ्वीवरच्या फळापासूनच सुरुवात करतील, नाशिककर बहुधा द्राक्षापासून: देठ, साल, आत बी. एडीएचडी असलेल्यांची चित्रं ओळखीच्या फळांपासून जास्त दूर गेली. माहीत असलेल्या गोष्टीची पकड त्यांच्या मनावर सैल असते. लक्ष चटकन सुटतं म्हणून त्रास होतो, आणि काही कामांत त्याच सुटण्यामुळे नवं काही हाती लागतं. हे मला पटतं आणि ते ऐकून मला आनंदही होतो.

पण गोष्ट इथे संपवता येत नाही. २०२० मध्ये मार्टिन हुगमन आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यांना दिसलं ते असं: ज्यांच्यात ही लक्षणं थोडी जास्त आहेत, पण आजार म्हणावा इतकी नाहीत, त्यांच्यात अनेक कल्पना सुचण्याची क्षमता वाढलेली दिसते. प्रत्यक्ष निदान झालेल्यांमध्ये तशी वाढ ठामपणे दिसत नाही. ज्या चंचलपणाने कल्पना सुचतात तोच एका मर्यादेपलीकडे गेला की सुचलेलं कागदावरही उतरत नाही. आणि औषधाने मुलाची प्रतिभा मारली जाते ही जी भीती पालकांना वाटते, तिला त्या तपासणीत आधार सापडला नाही.

आता आपल्या गावाकडे वळते. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब. त्यांचं पहिल्या चाळीस वर्षांचं आयुष्य पाहा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण, मग बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण आणि बरंच काही. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. तिथे प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडली. लोणावळ्याला छापखाना, त्याचं तंत्र शिकायला जर्मनीला प्रवास, मग भागीदारांशी बिनसून तोही सोडला. मधल्या काळात जादूचे प्रयोगही शिकून केले. १९११ मध्ये गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला आणि माणूस वेडा झाला. त्यापुढचे महिने रोज चित्रपट पाहणं, उपकरणांशी खेळणं, झोप नाही. डोळे इतके शिणले की काही काळ दृष्टीच गेल्यासारखी झाली. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. आधी कुंडीतलं रोप उगवताना एकेक चौकट करून टिपलं आणि त्या छोट्या फिल्मवर भांडवल उभं केलं. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्याच वर्षी ते बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले आणि पुढची मोठी कारकीर्द इथेच घडली. ‘लंकादहन’ आला तो १९१७ साली. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म्स कंपनी निघाली, तिथेही भागीदारांशी पटलं नाही. सगळं सोडून ते काशीला गेले आणि तिथे नाटक लिहिलं. काही काळाने परत आले.

हे ऐकताना काहींच्या मनात नक्की आलं असेल: दादासाहेबांना एडीएचडी होता! मी तसं म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते सहा-सात वर्षांचे असताना शाळेत कसे वागत याची तपासण्याजोगी नोंद आपल्यापाशी नाही. नोकऱ्या सोडण्यामागे प्लेग होता, भागीदारांचे वाद होते, त्या काळाची अस्वस्थता होती. मेलेल्या माणसाचं निदान करणं हे वैद्यक नव्हे. आइन्स्टाइन आणि लिओनार्दो यांच्याबद्दलही माझं हेच मत आहे.

मी फाळक्यांकडे जाते ते वेगळ्या कारणासाठी. त्यांचे चित्रपट पुरे कसे झाले? त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं नसत, ती आपल्याला पाडून घ्यावी लागत. ते काम सरस्वतीबाई फाळके अंधारात करत. उन्हात प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून त्या तासन्तास उभ्या राहत. पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी दागिने दिले. चित्रीकरणाला जमलेल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता आणि घरातली मुलंही त्याच सांभाळत. एका माणसाच्या मनात एकामागून एक कल्पना उसळत होत्या, त्यांना वेळेचं, पैशाचं, जेवणाचं, प्रकाशाचं बळ दुसऱ्या माणसाने पुरवलं. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट या दोघांच्या कामातून झाला. गिल्फर्डच्या दोन चाली इथे दोन माणसांत वाटल्या गेल्या होत्या, असं मला वाटतं. आणि आपण पन्नासहून अधिक वर्षं एकाच्याच नावाने पुरस्कार देत आलो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना नेमकं हेच मिळत नाही. त्यांच्या कल्पनांचं कौतुक एकदा होतं आणि अपुऱ्या वहीबद्दल शिक्षा रोज होते. कागदाचं विमान बनवून ते का पडतं हे अर्धा तास तपासणारा मुलगा प्रयोगवहीत चार ओळी लिहू शकत नाही, कारण चार ओळींचं काम त्याला कुणी चार तुकड्यांत तोडून दिलेलं नसतं. आठवण करून देणारं माणूस, भिंतीवरचं वेळापत्रक, एका वेळी एकच सूचना, दहा मिनिटांनी उठून फळा पुसण्याचं काम: या गोष्टी साध्या आहेत. त्या देणाऱ्याला मात्र थकवा येतो, आणि हे काम घरोघरी आईवरच पडतं. सरस्वतीबाईंचं कौतुक करताना मी तुम्हाला दुसरी सरस्वतीबाई तयार करायला सांगत नाही. वडिलांनी, शाळेने, आजोबांनी ते काम वाटून घ्यावं.

देणगीची भाषा मला घातक वाटते ती यासाठी. डेन्मार्कमध्ये सुमारे १९ लाख लोकांच्या नोंदींवर २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एडीएचडी असलेल्यांमध्ये अकाली मृत्यूचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट निघालं, आणि त्यात अपघातांचा वाटा मोठा होता. ज्यांचं निदान मोठेपणी झालं त्यांच्यात धोका अधिक होता. मुंबई-आग्रा महामार्गावर मोटारसायकल चालवणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराबद्दल आपण बोलत आहोत, हे विसरू नका. ज्याला देणगी म्हटलं त्याच्यावर कुणी उपचार करत नाही. त्याहून वाईट असं की त्या देणगीतून काही निपजलं नाही, मुलगा चित्रकारही झाला नाही आणि शास्त्रज्ञही झाला नाही, तर तो दुसऱ्यांदा नापास होतो. आधी तो शाळेत नापास झालेला असतो, आणि मग आपल्या कौतुकातही.

औषधाबद्दल थोडक्यात. मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये बनलं आणि १९५० च्या दशकापासून वापरात आहे. आपल्याकडे ते कडक नियमांखाली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. सगळ्या मुलांना ते लागत नाही. ज्यांना लागतं त्यांच्यातल्या बहुतेकांना फरक दिसतो. भूक आणि झोप कमी होऊ शकते, म्हणून वजन-उंची पाहत राहावी लागते. औषध मुलाला बसायला मदत करतं, बसल्यावर काय शिकवायचं ते मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं.

शाळेबद्दल बोलताना मला कोसबाडची आठवण येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या आदिवासी मुलांसाठी जे केलं त्यात एक गोष्ट होती कुरणशाळेची. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणावर न्यायची. त्या मुलांत कोण हुशार आहे हे आधी तपासून मग अनुताई कुरणावर गेल्या नाहीत. मूल जिथे आणि जसं आहे तिथून शिक्षण सुरू करायचं, हा विचार महाराष्ट्रातच झाला आणि पालघरच्या डोंगराळ भागात तो करून दाखवला गेला. आपल्या नाशिकच्या कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या क्लासेसमध्ये, एका बाकावर तीन-तीन तास बसवणाऱ्या तुकड्यांत, तो विचार मला कुठे दिसत नाही.

कायद्याचंही सांगते, कारण पालकांना ते माहीत नसतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. त्यांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडी वेगळा दिलेला नाही. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला, त्याची कथा-पटकथा अमोल गुप्ते यांची. त्या चित्रपटामुळे डिसलेक्सिया ही अध्ययन अक्षमता घरोघरी कळली, पण पुष्कळ पालक अजून ती आणि एडीएचडी एकच समजतात. काही मुलांत दोन्ही असतात, म्हणून दोन्ही तपासाव्या लागतात. परीक्षेतल्या सवलती अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यावर मिळतात. नुसता एडीएचडी असलेलं मूल या तरतुदींच्या फटीत पडतं. कायद्यात त्याला जागा मिळावी अशी मागणी आपल्या आमदार-खासदारांपर्यंत गेली पाहिजे.

मात्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात एडीएचडी आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमध्ये सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये ज्या तिसेक गोष्टी शोधायच्या त्यांत एडीएचडीचं नाव आहे. कार्यक्रमाच्या पथकांतले डॉक्टर अंगणवाडीत आणि सरकारी, अनुदानित शाळेत येतात. येत्या जूनमध्ये ते तुमच्या शाळेत आले की, शिक्षकहो, दात आणि डोळे तपासून झाल्यावर त्यांना थांबवा. वर्गातल्या त्या तीन मुलांची नावं सांगा, आणि चौथं नाव त्या गप्प मुलीचं सांगा. पालकांनी मुलाची बुद्धी किती आहे हे विचारण्याआधी त्याचं काय अडतंय ते लिहून आणावं, घरातलं आणि शाळेतलं दोन्ही. कुणाशी बोलावं ते सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.